नागपूर प्रांतांतील शिळावर्तुळें व मिसर देशांतील आद्य राजसमाधि

१. विषयप्रवेश

आमच्या संशोधकवर्गाचें लक्ष स्वाभाविकपणेंच लेखी साधनांकडे लागलेलें असतें. एखादा ताम्रपट, वतनदाराच्या घरचा जुना रुमाल, कसर लागलेली पोथी किंवा देवळाच्या तुळईवरील दोन ओळी हातीं आल्या म्हणजे आपणांस कृतार्थ वाटतें, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्या लोकांनीं एक अक्षरहि मागें ठेविलें नाहीं, त्यांचा इतिहास कसा लिहावयाचा, हा प्रश्न आपण बहुधा पुढच्या पिढीवर सोंपवून मोकळे होतों. नागपूरच्या भोंवतालच्या मुरमाड माळांवर असे निरक्षर दस्तऐवज शेंकड्यांनीं पसरलेले आहेत. तीं म्हणजे तेथील शिळावर्तुळें होत.

प्रस्तुत लेखांत या वर्तुळांची मिसर देशांतील आद्य राजसमाधींशीं तुलना करण्याचें योजिलें आहे. या दोहोंत वंशसंबंध किंवा देवघेव होती असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. नागपूरचीं वर्तुळें स्थूलमानानें इ. स. पू. १००० ते ३०० या काळांतलीं. मिसरचा पहिला पिरॅमिड त्यांतील सर्वांत जुन्या वर्तुळाच्याहि सुमारें सोळाशें वर्षें आधींचा. मग तुलना कशासाठीं? तर मृतांस विसरूं नये या एकाच मानवी इच्छेला दोन समाजांनीं दोन निरनिराळीं रूपें दिलीं, आणि तीं रूपें शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे आपल्या माळावरचे मुके दगड कांहीं सांगूं लागतात, असा आमचा अनुभव आहे.

येथें एक गोष्ट आरंभींच कबूल केली पाहिजे. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवीत असूं. अधूनमधून इतिहासाचा तासहि आमच्याकडे येई. मिसरचा पाठ आला कीं आम्ही मोठ्या हौसेनें फळ्यावर पिरॅमिड काढीत असूं, आणि मुलेंहि तोंडांत बोट घालून पाहत. परंतु शाळेपासून चारपांच कोसांवर असलेल्या जुनापाण्याच्या वर्तुळांकडे त्या मुलांना आम्हीं एकदांहि नेलें नाहीं; कारण तीं आम्हांसच ठाऊक नव्हतीं. सेवानिवृत्तीनंतर बेसा येथें वास्तव्य केल्यावर आम्ही प्रथम त्या माळावर गेलों. प्रस्तुत लेख ही त्या राहिलेल्या पाठाची भरपाई समजावी.

२. मिसर देशांतील राजसमाधींची वाढ

पिरॅमिड हा एकाएकीं उभा राहिलेला नाहीं. अति प्राचीन काळीं नाईल नदीच्या कांठचे लोक आपल्या मृतांस पिकाच्या जमिनींत पुरीत नसत. पुराच्या पाण्यानें भिजणारी काळी जमीन संपून वाळवंट जेथें सुरू होतें, तेथें उथळ खड्डा खणून, प्रेत पाय दुमडून कुशीवर निजवून, सोबत चार मडकीं ठेवून वर वाळू लोटीत. तो वाळूचा उंचवटा हेंच पुढील सर्व वैभवाचें बीज होय.

इ. स. पू. ३००० च्या सुमारास उत्तर व दक्षिण मिसर एका राजाच्या सत्तेखालीं आले. पहिल्या राजवंशांतील राजांच्या समाधि आबिडोस येथील वाळवंटांत आहेत. इ. स. १८९९ पासून पुढील कांहीं वर्षें फ्लिंडर्स पेट्री या पंडितानें तेथें पद्धतशीर खोदकाम केलें. कच्च्या विटांच्या तळघरासारख्या खोल्या, त्यांवर लांकडी छप्पर, छपरावर वाळूचा बुटका ढीग, आणि बाहेर राजाचें नांव कोरलेल्या उभ्या शिळा, असा त्यांचा थाट होता. जेर नांवाच्या राजाच्या समाधीभोंवतीं सेवकजनांच्या तीनशेंहून अधिक लहान कबरी आहेत. धन्याबरोबर त्यांसहि मुद्दाम धाडण्यांत आलें असावें, असें पुष्कळांचें मत आहे. तेथेंच पहिल्या राजवंशाच्या आरंभींच्या एका राजाच्या वास्तूजवळ विटांनीं बांधलेल्या कबरींत दहा गाढवें व्यवस्थित निजवलेलीं सांपडलीं. जन्मभर ओझें वाहिल्याच्या खुणा त्यांच्या हाडांवर आहेत. ज्या जनावरावर राज्याची वाहतूक चाले, त्याला परलोकांतहि धन्यापासून वेगळें केलें नाहीं.

पुढें वाळूच्या ढिगाऐवजीं विटांचा भरीव ओटा बांधूं लागले. अरबी भाषेंत ओट्यास ‘मस्तबा’ म्हणतात व तेंच नांव या थडग्यांस पडलें आहे. इ. स. पू. २६५० च्या सुमारास जोसर राजासाठीं सक्कारा येथें विटेऐवजीं दगड योजण्यांत आला. आधीं एक ओटा, मग त्याचीच वाढ, मग त्यावर एकाहून एक लहान ओटे, असें रचीत साठ मीटरांहून उंच असा सहा पायऱ्यांचा डोंगर सिद्ध झाला. हें काम इम्होतेप नांवाच्या अधिकाऱ्यानें केलें असें परंपरा सांगते. म्हणजे पहिला पिरॅमिड हा ओट्यावर ओटा ठेवून झाला. कोणा एकाला तो आकार स्वप्नांत दिसला नव्हता. यानंतर स्नेफ्रू राजानें दाहशूर येथें बांधलेला एक पिरॅमिड मध्येंच उतार बदलल्यामुळें वांकलेला दिसतो. त्याच राजाचा पुढचा पिरॅमिड मात्र सरळ उतरला. आणि त्याचा पुत्र खूफू यानें गीझा येथें मूळचा सुमारें १४६ मीटर उंचीचा महापिरॅमिड उभारला. जोसरपासून खूफूपर्यंत शंभर वर्षांचाच काय तो अवधि गेला.

येथें दोन गोष्टी पोथ्या जमविणाऱ्या वाचकांसाठीं मुद्दाम सांगावयाच्या आहेत. इ. स. २०१३ सालीं तांबड्या समुद्राच्या कांठीं वादी अल्-जर्फ येथें पिएर ताले या फ्रेंच पंडिताच्या मंडळीस पपायरसाचे लेख मिळाले. अक्षरें असलेले पपायरस आजवर जेवढे मिळाले आहेत, त्यांत हे सर्वांत जुने. त्यांत मेरेर नांवाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. तूरा येथील खाणींतून चुनखडीचे चिरे नावांतून गीझास कसे पोंचविले, कोणत्या दिवशीं कोठें मुक्काम केला, हें त्यानें टिपून ठेविलें आहे. दुसरी गोष्ट अबूसीर येथील लेखांची. पांचव्या राजवंशांतील नेफेरिरकारे राजाच्या समाधिमंदिराचे ते कागद. त्यांत पुजाऱ्यांच्या पाळ्या, नैवेद्याची आवक, भांड्यांची मोजदाद हें सर्व आहे. आमच्याकडील एखाद्या देवस्थानाची रोजकीर्द वाचावी तसाच तो प्रकार! पिरॅमिड म्हणजे नुसता दगडांचा ढीग नव्हे. त्याला लागून मंदिर, मंदिराला पुजारी, पुजाऱ्यांना नेमणुका, आणि नेमणुकांसाठीं तोडून दिलेलीं शेतें, अशी ती संस्था होती.

३. नागपूरच्या वर्तुळांच्या शोधाचा इतिहास

आतां आमच्या प्रांताकडे वळूं. या वर्तुळांकडे विद्वानांचें लक्ष वेधण्याच्या कामीं स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी अग्रेसर होत. इ. स. १८४५ च्या सुमारास ते नागपुरास आले. धर्मप्रसाराबरोबरच येथील भूस्तर, वनस्पति, गोंडांच्या चालीरीति व जुने अवशेष यांचा त्यांनीं सूक्ष्म अभ्यास केला. इ. स. १८६३ च्या सप्टेंबरांत रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते बोरीजवळील टाकळघाट येथील वर्तुळें पाहण्यास गेले होते. ४ सप्टेंबर रोजीं सायंकाळीं घोड्यावरून एकटेच परत येत असतां पावसानें फुगलेल्या ओढ्यांत बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचीं टिपणें टेंपल यांनीं एकत्र करून इ. स. १८६६ त छापिलीं. तीं तशीच पडून राहिलीं असतीं, तर आज आपण केवढ्या साधनाला मुकलों असतों, हें हस्तलिखितें सांभाळणारास सांगावयास नको.

पुढें इ. स. १८६७ च्या सुमारास कामठीच्या परिसरांत मेजर पिअर्स यांनीं, व जुनापाणी येथें रिव्हेट-कार्नाक या मुलकी अधिकाऱ्यानें कांहीं वर्तुळें उकरलीं. रिव्हेट-कार्नाक यांचा वृत्तान्त बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत इ. स. १८७९ सालीं आला. त्या काळच्या विद्वानांस हीं वर्तुळें पाहतांच ब्रिटनमधील वर्तुळांची आठवण होई, व शक लोक किंवा केल्ट लोक यांच्याकडे तीं सोंपविण्याकडे त्यांचा कल असे. निजामाच्या राज्यांत अशाच थडग्यांचा अभ्यास करणारे मेडोज टेलर यांचेंहि मत याच वळणाचें होतें. आज तें मत कोणी धरीत नाहीं. म्हैसूर प्रांतांत ब्रह्मगिरी येथें इ. स. १९४७ सालीं व्हीलर यांनीं थरवार खोदकाम केलें, तेव्हांपासून दक्षिणेंतील महाशिलास्मारकांचा काळ थरांच्या आधारें ठरवूं लागले.

विदर्भांत शास्त्रीय खोदकामाचा खरा ओघ त्यानंतर सुरू झाला. इ. स. १९६१-६२ सालीं पुरातत्त्व खात्यातर्फे बी. के. थापर यांनीं जुनापाणी येथील तीन वर्तुळें खोदलीं. नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनीं इ. स. १९६८-६९ सालीं टाकळघाट व खापा, आणि इ. स. १९७० ते १९७२ या काळांत माहुरझरी येथें काम केलें. पुढें पेंच नदीच्या कांठचें नैकुंड, तसेंच बोरगांव, भागीमोहारी व हिंगण्याजवळील रायपूर हीं स्थळें खोदलीं गेलीं. हिस्लॉप ज्या टाकळघाटाहून परत येतांना मृत्यु पावले, त्याच टाकळघाटाला शंभर वर्षांनंतर आपल्याच प्रांतांतील विद्यापीठानें बोलतें केलें, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

४. वर्तुळाची रचना व आंतील वस्तु

ज्यांनीं वर्तुळ पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं थोडें वर्णन करितों. काळ्या पाषाणाचे, घडीव नसलेले, मोठाले धोंडे एकमेकांस लागून गोलाकार मांडलेले असतात. वर्तुळाचा व्यास कोठें पांचसहा मीटर, तर कोठें त्याच्या दुपटीतिपटीनें मोठा. आंत काळी चिकणमाती भरून तिजवर गोट्यांचा थर दिलेला असतो, त्यामुळें मध्यभाग किंचित् फुगीर दिसतो. ती माती त्या माळावरची नव्हे, हें विशेष होय. माळ मुरमाड, काळी माती नदीकांठाहून किंवा शेतांतून वाहून आणलेली. खालीं उथळ खड्ड्यांत हाडें असतात. पुष्कळ ठिकाणीं तीं अपुरीं व मोडकीं, म्हणजे प्रेत आधीं दुसरीकडे ठेवून मागाहून अस्थि वेंचून आणल्यासारखीं दिसतात.

हाडांसोबत आंतून काळीं व बाहेरून वरच्या अंगास काळीं, खालच्या अंगास तांबडीं अशीं मडकीं सांपडतात. आव्यांत पालथीं घालून भाजल्यानें हा दुरंगी परिणाम साधतो. लोखंडाच्या कुऱ्हाडी, कट्यारी, भाल्यांचीं पातीं, छिन्या व खिळे विपुल आहेत. तांब्याचीं भांडीं, त्यांचीं झाकणें व बांगड्या आहेत, आणि तांबड्या अकीकाचे मणी आहेत. माहुरझरी हें तर मणी घडविण्याचें मोठें केंद्रच होतें. सोनें क्वचित् मिळतें, परंतु मिळतें.

आणि मिळतो तो घोडा. माहुरझरी येथें माणसासोबत घोडा पुरलेला आढळला. त्याच्या तोंडांत लोखंडी कडियाळें व मस्तकावर तांब्याच्या पत्र्याचा अलंकार होता. आबिडोसचीं दहा गाढवें व माहुरझरीचा हा शृंगारलेला घोडा यांच्यामध्यें दोन हजारांवर वर्षें व दोन समुद्र आहेत. तरी दोहोंचा अर्थ एकच आहे. ज्या जनावराच्या बळावर आपण जगलों, त्याला सोडून जावयाचें नाहीं.

जिवंत माणसांच्या वस्तीचे अवशेष मात्र बेताचेच आहेत. टाकळघाट, नैकुंड, भागीमोहारी येथें वस्ती सांपडली आहे. पण तीं खांब रोवून व माती लिंपून केलेलीं साधीं घरें. नैकुंड येथें लोखंड गाळण्याची विटांची गोल भट्टी मिळाली, व सोबत लोखंडाचा मळहि मिळाला. इ. स. पू. सातव्या शतकाच्या सुमाराची ती भट्टी असावी. ज्या कुऱ्हाडी थडग्यांत मिळतात, त्या बाहेरून आणलेल्या नसून याच लोकांनीं येथेंच घडविल्या, असें समजण्यास त्यामुळें आधार मिळतो.

५. साम्य व भेद

आतां दोन्ही चित्रें शेजारीं ठेवूं. पहिलें साम्य हें कीं, दोन्ही समाजांनीं मृतांसाठीं नापीक जमीन निवडली. मिसरवासी वाळवंटाच्या कडेला गेले. आमचे लोक मुरमाड माळावर गेले. पिकणारी माती जिवंतांची, न पिकणारी मृतांची. दुसरें साम्य अधिक विचार करण्यासारखें आहे. दोन्ही ठिकाणीं जिवंत माणसें मातीच्या घरांत राहिलीं व मृतांस दगड दिला. मिसरच्या राजाचा वाडासुद्धां कच्च्या विटांचाच असे. दगड राखून ठेविला तो देवासाठीं व समाधीसाठीं. नैकुंडचा लोहार कुडाच्या घरांत झोंपला; परंतु मेल्यावर त्याच्यासारख्याभोंवतीं एका माणसानें हलूं नयेत असे धोंडे मांडले गेले. घर हें चार दिवसांचें, समाधि ही कायमची, हा भाव दोहोंकडे सारखाच.

भेदहि तितकाच स्पष्ट आहे. जुनापाण्याच्या माळावर सुमारें तीनशें वर्तुळें आहेत. त्यांत कांहीं मोठीं, कांहीं लहान. कांहींत तांबें व सोनें, कांहींत नुसतीं मडकीं. म्हणजे मानमरातब होता, लहानथोर होते. परंतु इतर सर्वांस झांकून टाकील असें एकहि वर्तुळ त्यांत नाहीं. गीझास मात्र एका माणसाच्या समाधीनें क्षितिज व्यापलें आहे, आणि इतर सर्व थडगीं तिच्या पायाशीं ओळीनें बसलीं आहेत.

हा भेद भक्तीच्या कमीअधिकपणाचा नव्हे. नाईलच्या खोऱ्यांत दरवर्षीं ठरल्या वेळीं पूर येई, धान्य मुबलक पिके, नदीवरून तें नावांनीं एका कोठारांत आणतां येई, आणि त्या कोठाराची किल्ली एका राजाच्या हातीं असे. मेरेरसारखे मुकादम हिशेब ठेवीत. अशा राज्यास हजारों माणसें वर्षानुवर्षें पोसतां येत होतीं. विदर्भांतील लोकांपाशीं गुरें होतीं, घोडे होते, लोखंड होतें, थोडी शेती होती. परंतु एका हातांत गोळा झालेलें कोठार असल्याची खूण आजवर सांपडलेली नाहीं. येथील धोंडे कोणा राजाच्या हुकुमानें ओढले गेले असतील असें आम्हांस वाटत नाहीं. भाऊबंद व सोयरे यांनीं मिळून ते आणले असावेत. थोडक्यांत सांगावयाचें तर, पिरॅमिड हें राज्याचें स्मारक आहे, शिळावर्तुळ हें भाऊबंदकीच्या चांगल्या बाजूचें स्मारक आहे. आम्हां महाराष्ट्रीयांस भाऊबंदकी म्हटलें कीं तंटेच आठवतात. म्हणून हें मुद्दाम लिहिलें.

६. श्रुतीची साक्ष

या विषयांत संस्कृत वाङ्मयाची कांहीं मदत होते काय, हें पाहणें आमच्यासारख्यास क्रमप्राप्तच आहे. विदर्भ म्हटला कीं दमयंती व रुक्मिणी यांचीं नांवें ओठांवर येतात, व एखादें वर्तुळ भीमक राजाच्या घराण्याकडे सोंपविण्याचा मोह होतो. तो मोह टाळला पाहिजे. ऐतरेय ब्राह्मणांत भीम वैदर्भ याचा निर्देश आहे, एवढ्यावरून कोणत्याहि दगडास नांव देतां येत नाहीं.

परंतु शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडांत, आठव्या अध्यायांत, श्मशानरचनेचा जो विधि सांगितला आहे तो मात्र डोळ्यांआड करतां येत नाहीं. तेथें श्मशान म्हणजे दहनाची जागा नसून अस्थींवर रचलेला उंचवटा होय. तो चतुष्कोणी असावा असें सांगून, असुरपक्षाचे व पूर्वेकडचे इत्यादि लोक तो ‘परिमंडल’ म्हणजे गोल करितात, असें ब्राह्मणकार सांगतो. उंचवट्याभोंवतीं परिश्रित् नामक दगड लावावेत, आणि त्यांची संख्या ठरलेली नसावी, असेंहि तेथें आहे. उंचीची मर्यादाहि घालून दिली आहे: क्षत्रियासाठीं हात वर केलेल्या पुरुषाइतकी, ब्राह्मणासाठीं मुखापर्यंत, स्त्रियांसाठीं कमरेपर्यंत, वैश्यासाठीं मांडीपर्यंत, शूद्रासाठीं गुडघ्यापर्यंत.

या वचनांचें महत्त्व दुहेरी आहे. एक तर शतपथाचा रचनाकाल व आमच्या वर्तुळांचा काळ स्थूलमानानें एकमेकांस भिडतो. ज्या काळीं उत्तरेंत कोणी आचार्य गोल समाधीस परक्यांची चाल म्हणून बाजूला सारीत होता, त्याच काळीं नागपूरच्या माळावर गोल समाधि रचल्या जात होत्या. यावरून आमचे लोक ते असुर किंवा ते प्राच्य, असें सिद्ध होत नाहीं. कारण विदर्भ दक्षिणेस आहे व ब्राह्मणकारानें त्याचें नांव घेतलेलें नाहीं. एवढेंच सिद्ध होतें कीं, समाधीच्या आकारावरून माणसांची ओळख पटवितां येते, ही जाणीव त्या काळींहि होती. दुसरें असें कीं, उंचीवर घातलेली ही मर्यादा पाहतां मिसरच्या राजाची १४६ मीटर उंची मनांत आल्यावांचून राहत नाहीं. येथें वर्णभेद आहे, तो लपवितां येणार नाहीं. परंतु सर्वांत थोर मानलेल्या माणसाचाहि उंचवटा त्याच्या स्वतःच्या हातापलीकडे जाऊं दिलेला नाहीं. मापाचा गज माणसाचें शरीर हाच आहे.

गोल उंचवट्याची ही परंपरा पुढें अजिबात लुप्त झाली असेंहि नाहीं. भंडारा जिल्ह्यांत पवनी येथें इ. स. १९६९-७० सालीं जो स्तूप उघडकीस आला, त्याचा गोल घुमट व भोंवतालचें कुंपण पाहिलें म्हणजे माळावरच्या वर्तुळाची आठवण होते. स्तूपाची कल्पना बौद्ध धर्माबरोबर आली हें खरें. परंतु अस्थींवरील गोल ढिगाऱ्यास वंदन करण्याची संवय या मातीला आधींपासून होती, म्हणून ती येथें लवकर रुजली असावी असा आमचा तर्क आहे. तर्काहून अधिक किंमत त्यास देऊं नये.

७. दगडांवरील खळगे

जुनापाण्याच्या कांहीं धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीनें कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाक यांना ते पाहून स्कॉटलंडमधील तशाच खुणांची आठवण झाली, व ही कांहीं लिपि तर नसेल ना, असाहि विचार त्यांच्या मनांत आला. लिपि म्हणण्यास आधार नाहीं. अलीकडे खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनीं अशा ५६ वर्तुळांचें मोजमाप करून असें दाखविलें आहे कीं, खळगे असलेले दगड वर्तुळाच्या मध्यापासून पाहतां कोठेंहि विखुरलेले नसून ठराविक तीन दिशांस आढळतात. त्यांचा सूर्याच्या उदयास्ताशीं किंवा ऋतुगणनेशीं संबंध असावा, असा त्यांचा कयास आहे.

आम्हीं स्वतः पाहिलें तें इतकेंच. भर दुपारीं गेलों असतां एकहि खळगा नीट दिसला नाहीं, व आम्ही निराश होऊन परतलों. दुसऱ्या खेपेस दिवस मावळतांना गेलों. ऊन तिरपें होऊं लागलें तसतशी एकेका खळग्यांत सावली भरली, आणि ज्या धोंड्याजवळून आम्ही मागें तीनदां गेलों होतों, त्याच्यावर दोन ओळी स्पष्ट उमटल्या. पुसट झालेली मोडी वाचतांना कागद दिव्याशीं तिरपा धरावा लागतो, हें आपणांस ठाऊकच आहे. दगडासहि तोच न्याय लागू पडतो.

८. वर्तुळ हाच दस्तऐवज

मिसरच्या राजास नांव आहे, मुकादमास रोजनिशी आहे, मंदिरास रोजकीर्द आहे. पिरॅमिडचे वरचे चिरे लोकांनीं काढून नेले तरी खूफूचा इतिहास पुसला गेला नाहीं, कारण तो अन्यत्र लिहिलेला होता. आमच्या वर्तुळांस मात्र दुसरी प्रत नाहीं. कोणता दगड कोठें आहे, खळगा कोणत्या दिशेस आहे, कुऱ्हाड उजव्या बाजूस होती कीं पायाशीं, हीच त्यांचीं अक्षरें. धोंडा जागचा हलला कीं अक्षर खोडलें गेलें.

आणि धोंडे हलत आहेत. कोठें ते फोडून खडी झाली, कोठें बांध घातले गेले, कोठें शहराच्या वाढत्या वस्तीसाठीं माळच सपाट करण्यांत आला. जुनापाण्यासारखीं कांहीं स्थळें सरकारनें संरक्षित केलीं आहेत. परंतु शेताच्या कडेला एकटें पडलेलें वर्तुळ कोणाच्याहि यादींत नसतें.

येथें आमचाहि एक दोष सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका गुराख्यानें आम्हांस तांबड्या अकीकाचे सात मणी आणून दिले. आम्हीं त्यास चार पैसे दिले, मणी डबींत कापसांत ठेविले, व येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकानें दाखवीत राहिलों. पुढें ही वस्तु आपल्या घरीं नसावी असें वाटून आम्ही तीं एका संग्रहालयांत घेऊन गेलों. तेथील अधिकाऱ्यानें ते हातांत घेऊन एकच प्रश्न विचारला, “हे कोणत्या वर्तुळांतले?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. गुराख्यास विचारावयाचें राहूनच गेलें होतें, आणि तोंवर तो गांव सोडून गेला होता. ज्यानें जन्मभर विद्यार्थ्यांस पाठभेदाची जागा नोंदविल्याशिवाय श्लोक उतरूं दिला नाहीं, त्यानें सात मणी जागा न नोंदवितां घेतले! ते मणी आतां सुंदर आहेत, पण मुके आहेत.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे. कोणी थडग्यांतील पातें किंवा मणी विकावयास आणील, तर ते विकत घेऊं नयेत. घेणारा असतो म्हणूनच उकरणारा निघतो. कोठें सांपडलें तें विचारून, सांगणाऱ्यासह त्या जागीं जाऊन, पुरातत्त्व खात्यास कळवावें. स्वतः कुदळ लावूं नये. ज्यांस कांहीं करण्याची इच्छा असेल त्यांनीं वही, दोरी व होकायंत्र घेऊन आपल्या गांवच्या शिवारांत फिरावें, आणि प्रत्येक वर्तुळाविषयीं गांव, शेताचा क्रमांक, व्यास, धोंड्यांची संख्या, खळग्यांचा दगड असल्यास त्याची दिशा, व जवळच्या पाण्याचें अंतर, एवढें टिपून ठेवावें. हें काम निवृत्त माणसासहि झेपण्यासारखें आहे, व शाळेच्या मुलांच्या मदतीनें तर फारच सोपें आहे. मोडून जाणाऱ्या पोथीची निदान नक्कल करून ठेवावी, हा आपला जुनाच धर्म आहे.

मिसर देशांतील समाधि पाहण्यास जगांतून लोक जातात, आणि त्या त्याच योग्यतेच्या आहेत. परंतु आमच्या माळावर निजलेल्या माणसांनीं कोणास वेठीस न धरतां, आपल्या माणसांच्या खांद्यांवरून आलेल्या दगडांवर समाधान मानलें. त्यांचीं नांवें आपणांस कळणार नाहींत. त्यांच्या धोंड्यांची गणती तरी आपण करूं शकतों; ती करणारे पुढें यावेत, एवढीच इच्छा प्रकट करून हा लेख पुरा करितों.

बेसा, नागपूर.